फाइल उघडली खरी, पण कोणती?

सकाळी साडेदहाला कोटेशन उघडलं, दोन तास बसून दर दुरुस्त केले, अधूनमधून कंट्रोल+एस दाबत राहिलो, खिडकी बंद केली. दुपारी साहेबांनी तीच फाइल उघडली तर दर जुनेच. ‘मी सेव्ह केली होती’ आणि ‘इथे तर काहीच नाही’ ही दोन्ही वाक्यं अशा वेळी खरी असतात. सेव्ह झालंय, पण दुसऱ्याच प्रतीवर.

ऑफिसात कागदपत्रं सांभाळणारं सॉफ्टवेअर आलं, मग ते शेअरपॉइंट असो, नेक्स्टक्लाउड असो की अल्फ्रेस्को, की हा घोळ पहिल्या आठवड्यातच सुरू होतो. कारण साधं आहे. घरच्या संगणकावर फाइलवर डबल-क्लिक केलं की तीच फाइल उघडते, सेव्ह केलं की तिच्यावरच लिहिलं जातं. या सॉफ्टवेअरमध्ये मात्र क्लिक केल्यावर काय उघडेल याला चार-पाच उत्तरं आहेत, आणि पडद्यावर ती जवळजवळ सारखीच दिसतात.

पडद्यावर फोल्डर आणि त्यात फाइली दिसतात, पण आत बहुधा तसं काही नसतं. ऑफिसच्या स्वतःच्या सर्व्हरवर बसवलेलं शेअरपॉइंट फाइलचा मजकूर डेटाबेसमध्ये ठेवतं. अल्फ्रेस्को तो डिस्कवर ठेवतं खरं, पण वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट अशा एकात एक फोल्डरांमध्ये, आणि आकडे-अक्षरांच्या लांबलचक नावाने, शेवटी ‘.बिन’ लावून. ‘मार्च कोटेशन’ हे नाव, ते कोणी केलं, कोणाला दिसावं, कितवी आवृत्ती, ही सगळी माहिती डेटाबेसमध्ये वेगळी. ग्रंथालयातल्या कार्डासारखं समजा. आपण कार्डावर बोट ठेवतो, पुस्तक आतल्या कपाटातून दुसरं कोणीतरी आणून देतं. त्यामुळे सर्व्हरच्या डिस्कवर शिरून थेट फाइल शोधायला जाऊ नये. सापडली तरी बहुधा ओळखू येणार नाही, आणि तिथे हात लावलात तर कार्ड एक सांगेल आणि पुस्तक दुसरंच असेल.

क्लिक केल्यावर सर्व्हर आधी बघतो की तुम्ही कोण आणि तुम्हाला नुसतं वाचायचा हक्क आहे की बदलायचाही. मग आणखी कोणी त्या फाइलवर बसलंय का, हे पाहतो. त्यानंतर ठरतं की फाइल तुमच्यापर्यंत कोणत्या वाटेने यायची.

पहिली वाट ब्राउझरमध्येच बघण्याची. पीडीएफ, फोटो, वर्डची फाइल तिथल्या तिथे दिसते. वाचायला उत्तम. पीडीएफच्या बाबतीत मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. ती बहुतेकदा ब्राउझरच्या स्वतःच्या दर्शकात उघडते. त्यात फॉर्मच्या चौकटी भरता येतात, पण भरलेला मजकूर सर्व्हरवर परत जात नाही. डाउनलोडचं बटण दाबलंत तर भरलेली प्रत तुमच्या संगणकावर उतरते आणि सर्व्हरवरचा फॉर्म कोराच राहतो.

डिजिटल स्वाक्षरीचंही तसंच. स्वाक्षरी असलेला सातबारा किंवा ई-आधार क्रोममध्ये उघडला तर स्वाक्षरीची चौकट दिसते, पण ती खरी आहे का हे क्रोम तपासत नाही. त्यासाठी फाइल ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडावी लागते. तिथे सुरुवातीला पिवळं प्रश्नचिन्ह आणि ‘व्हॅलिडिटी अननोन’ दिसलं तर घाबरू नका. त्या प्रमाणपत्राच्या मूळ संस्थेवर विश्वास ठेवायला तुमच्या रीडरला अजून कोणी सांगितलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणि अशी फाइल ‘प्रिंट टू पीडीएफ’ करून पुन्हा साठवू नका. नवीन फाइलमध्ये स्वाक्षरीचं फक्त चित्र उरतं.

दुसरी वाट ब्राउझरमध्येच बदल करण्याची. वर्ड किंवा एक्सेलची वेबवरची आवृत्ती, नाहीतर नेक्स्टक्लाउडसोबत कोलॅबोरा. यामागे वोपी नावाची बोलण्याची पद्धत असते. संपादक, म्हणजे बदल करायचा प्रोग्राम, एका सर्व्हरवर चालतो, फाइल दुसऱ्यावर असते, आणि संपादक विचारतो: या माणसाला काय काय करता येतं, फाइल दे, ही कुलपात ठेव, ही घे बदललेली. हे कुलूप ३० मिनिटांनी आपोआप गळून पडतं. संपादक चालू असेपर्यंत ते नव्याने लावत राहतो. म्हणूनच ब्राउझर अचानक बंद पडला, वीज गेली, तर फाइल थोडा वेळ अडकलेली दिसते आणि मग कोणी काही न करता मोकळी होते.

इथे बहुधा कंट्रोल+एसची गरज नसते. बदल आपोआप साठवले जातात, पण क्षणाक्षणाला नव्हे. कोलॅबोरामध्ये मूळ सेटिंग असं असतं की तुम्ही टाइप करायचं थांबवल्यावर ३० सेकंदांनी, आणि सतत टाइप करत असाल तर दर ५ मिनिटांनी, फाइल नेक्स्टक्लाउडकडे परत लिहिली जाते. मधल्या काळात शेजारच्या टेबलावरच्या माणसाने हीच फाइल आपल्या सिंक फोल्डरमधून (संगणकावरचं, सर्व्हरशी आपोआप जुळत राहणारं फोल्डर) उघडली तर त्याला मागची अवस्था दिसते. त्याने त्यात बदल करून सेव्ह केलं की दोन वेगवेगळ्या फाइली तयार होतात आणि एकीच्या नावात ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ येतं. वनड्राइव्ह अशा वेळी नावाच्या शेवटी त्या संगणकाचं नाव चिकटवतो. अशी फाइल दिसली की ती लगेच पुसू नका. तिच्यात कोणाचं तरी काम असतं. दोन्ही उघडून, वर्डमध्ये ‘रिव्ह्यू’ खाली ‘कंपेअर’ वापरून फरक बघा, आणि मगच एक ठेवा.

तिसरी वाट सगळ्यात जास्त गोंधळाची आणि सगळ्यात उपयोगाची: संगणकावरच्या वर्ड-एक्सेलमध्ये थेट सर्व्हरवरची फाइल उघडणं. शेअरपॉइंटमध्ये फाइलच्या नावाशेजारी तीन ठिपके असतात. त्यावर क्लिक करा, ‘ओपन’, मग ‘ओपन इन ॲप’. ब्राउझर विचारतो, ‘वर्ड उघडू का?’ त्याला ‘ओपन’ म्हणा. घाईत ‘कॅन्सल’ दाबलं तर काहीच होत नाही, चूक झाल्याचा संदेशही येत नाही. ‘क्लिक करूनही उघडत नाही’ अशा तक्रारी आल्या की आधी हीच गोष्ट विचारावी.

या वाटेवर ब्राउझर फाइल देतच नाही. तो वर्डला फक्त एक पत्ता देतो. पत्त्याच्या पुढे ‘एमएस-वर्ड’ असा शब्द आणि ‘बदलायला उघड’ किंवा ‘बघायला उघड’ अशी खूण असते, बस्स. वर्ड तो पत्ता घेऊन स्वतः सर्व्हरकडे जातो आणि स्वतःची ओळख दाखवतो. त्यामुळे ब्राउझरमध्ये तुम्ही ऑफिसच्या खात्याने आत असाल आणि वर्डमध्ये घरचं खातं चालू असेल, तर ब्राउझरमध्ये व्यवस्थित दिसणारी फाइल वर्डमध्ये ‘तुम्हाला परवानगी नाही’ म्हणते. लोक मग ॲडमिनकडे परवानगी मागायला जातात. ॲडमिन तपासतो तर परवानगी असतेच. दोघेही चिडतात. उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे: वर्डमध्ये ‘फाइल’, मग ‘अकाउंट’. तिथे कोणतं नाव आहे ते बघा, चुकीचं असेल तर बदला, वर्ड पूर्ण बंद करून पुन्हा ब्राउझरमधून उघडा.

मायक्रोसॉफ्टबाहेरची आणि काही जुनी सॉफ्टवेअरं याच कामासाठी वेबडॅव्ह वापरतात. ही १९९९ पासूनची, २००७ मध्ये सुधारलेली पद्धत आहे. वेबच्या पत्त्यावरच्या फाइलला कुलूप लावणं, ती परत लिहिणं, कुलूप काढणं यांच्या आज्ञा त्यात आहेत. विंडोजमध्ये हे काम ‘वेबक्लायंट’ नावाची सेवा करते. तिची मूळ मर्यादा ५,००,००,००० बाइट, म्हणजे साधारण ४७.७ एमबी. त्याहून मोठी फाइल उघडायला गेलात की ‘आकार मर्यादेपेक्षा जास्त’ असा संदेश येतो आणि कामच थांबतं. माणूस चक्रावतो, कारण ब्राउझरमधून तीच फाइल सहज डाउनलोड होते. ही मर्यादा विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्जच्या नोंदवहीत, वेबक्लायंटच्या ‘पॅरामीटर्स’मध्ये ‘फाइल साइझ लिमिट इन बाइट्स’ या नोंदीत असते. ती जास्तीत जास्त ४ जीबीपर्यंत वाढवता येते, आणि मग सेवा पुन्हा चालू करावी लागते. पण आता त्यावर फार खटपट करण्यात अर्थ नाही. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये ही सेवा कालबाह्य यादीत टाकली आहे. नवी व्यवस्था लावणाऱ्यांनी तिच्यावर विसंबू नये. नेक्स्टक्लाउडमध्ये ‘एडिट लोकली’ ही सोय आहे. ती वापरायला संगणकावर नेक्स्टक्लाउडचा क्लायंट, म्हणजे त्यांचा स्वतःचा प्रोग्राम, बसवलेला हवा.

चौथी वाट सिंक फोल्डरची. फाइल एक्स्प्लोररमध्ये साध्या फोल्डरसारखी ती दिसते, म्हणून लोकांना सगळ्यात जवळची वाटते. वनड्राइव्हमध्ये फाइलशेजारच्या खुणा मात्र वाचायला शिका. निळसर ढग म्हणजे फाइल इथे नाहीच, फक्त नाव आहे, इंटरनेट असेल तर उघडताना उतरेल. पांढऱ्या गोलात हिरवी टिकखूण म्हणजे एकदा उतरलेली. गडद हिरव्या गोलात पांढरी टिकखूण म्हणजे कायम इथे ठेवलेली. साइटवर, गावाकडे, जिथे नेटचा भरवसा नाही तिथे जाणार असाल तर आदल्या दिवशी फोल्डरवर राइट-क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा आणि सगळ्या फाइलींवर गडद हिरवी खूण येईपर्यंत लॅपटॉप बंद करू नका.

आणि पाचवी, जिच्यामुळे सकाळचं कोटेशन वाया गेलं: डाउनलोड. फाइल ‘डाउनलोड्स’ फोल्डरमध्ये पडते आणि सर्व्हरशी तिचं नातं तिथेच तुटतं. दुसऱ्यांदा डाउनलोड केली की नावापुढे कंसात १, तिसऱ्यांदा २. पंधरा दिवसांनी त्यातली कुठली खरी हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. डाउनलोड करणं वाईट नाही. बाहेरच्या माणसाला प्रत द्यायची असेल तर तेच योग्य. पण डाउनलोड केलेल्या प्रतीवर काम करायचं असेल तर ती परत चढवण्याची जबाबदारी तुमची, आणि चढवताना सॉफ्टवेअर ‘रिप्लेस’ की ‘कीप बोथ’ असं विचारेल तेव्हा थांबून वाचा. ‘रिप्लेस’ निवडलं तर जुनी आवृत्ती इतिहासात राहते आणि नवी वर बसते. ‘कीप बोथ’ने लायब्ररीत (सर्व्हरवर फाइली ठेवायच्या जागेला शेअरपॉइंट हेच नाव देतं) जुळी भावंडं तयार होतात.

तर आत्ता उघडलेली फाइल यातली कोणती, हे ओळखायचं कसं? वर्डच्या अगदी वरच्या पट्टीत फाइलचं नाव असतं, त्यावर क्लिक करा. सर्व्हरवरची असेल तर तिथे लायब्ररीचं ठिकाण आणि ‘व्हर्जन हिस्ट्री’ दिसते. डाव्या कोपऱ्यातलं ‘ऑटोसेव्ह’ चालू आहे का ते बघा. डाउनलोड केलेल्या प्रतीत ते बंद असतं. तरी खात्री नसेल तर ‘फाइल’, ‘इन्फो’मध्ये नावाखाली पूर्ण पत्ता असतो. त्यात ‘डाउनलोड्स’ किंवा ‘टेम्प’ हा शब्द दिसला की हात थांबवा. ‘सेव्ह ॲज’ने ती आधी योग्य जागी ठेवा, मग पुढचं काम.

आउटलुकमध्ये आलेली जोडफाइल तिथूनच उघडण्याचीही सवय असते. जुन्या (क्लासिक) आउटलुकमध्ये ती ‘कंटेंट डॉट आउटलुक’ नावाच्या तात्पुरत्या, लपलेल्या फोल्डरमध्ये उतरते. तिथे तासभर काम केलं, सेव्ह केलं, आउटलुक बंद केलं, की ती प्रत नाहीशी होऊ शकते. जोडफाइल कायम आधी लायब्ररीत टाका आणि तिथून उघडा.

वर पिवळी पट्टी आली, ‘प्रोटेक्टेड व्ह्यू’, की बहुतेक लोक न वाचता ‘एनेबल एडिटिंग’ दाबतात. ती का येते हे समजलं तर कधी दाबायचं ते कळेल. ब्राउझरने डाउनलोड केलेल्या फाइलला विंडोज एक अदृश्य चिठ्ठी जोडतं: ही इंटरनेटवरून आली, विभाग ३. ऑफिस ती चिठ्ठी वाचून फाइल बंदिस्त ठेवतं. २०२२ पासून अशा फाइलीतले मॅक्रोही (फाइलीतच लिहून ठेवलेल्या, आपोआप चालणाऱ्या आज्ञा) मुळातच अडवले जातात आणि तेव्हा लाल पट्टी दिसते. म्हणून पगाराची मॅक्रो असलेली एक्सेल शीट डाउनलोड केल्यावर बटणं मरून पडतात. तीच शीट ‘ओपन इन ॲप’ने किंवा सिंक फोल्डरमधून उघडली तर चिठ्ठी लागत नाही. डाउनलोडच करायची असेल आणि फाइल खात्रीची असेल, तर तिच्यावर राइट-क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘जनरल’च्या तळाशी ‘अनब्लॉक’वर खूण, ‘ओके’. झिप असेल तर ती उघडण्याआधी झिपलाच अनब्लॉक करा, नाहीतर चिठ्ठी आतल्या प्रत्येक फाइलला चिकटते. ही चिठ्ठी एनटीएफएस पद्धतीच्या, म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या, डिस्कवरच राहते. त्यामुळे एक्सफॅट पद्धतीच्या पेनड्राइव्हवरून आलेल्या फाइलला पट्टी नसते. पट्टी नाही म्हणून फाइल निर्धोक आहे, असं मात्र समजू नका.

आता कुलपं. ‘फाइल अमुक व्यक्तीकडे उघडी आहे’ हा संदेश येतो आणि ती अमुक व्यक्ती रजेवर असते. याचे तीन वेगळे प्रकार आहेत आणि तिघांचा उपाय वेगळा.

एक, आपोआप लागणारं कुलूप. शेअरपॉइंटवरची फाइल वर्डमध्ये उघडली की सर्व्हर तिच्यावर थोड्या वेळाचं कुलूप लावतो. वर्ड ते नव्याने लावत राहतो. वर्ड लटकला किंवा नेट गेलं तर साधारण १० मिनिटांत ते सुटतं. त्या व्यक्तीच्या संगणकावर टास्क मॅनेजरमध्ये वर्ड अजून चालू दिसत असेल तर तो बंद करा आणि १० मिनिटं थांबा. सगळ्यांनी एकदम परत परत क्लिक करून काही फरक पडत नाही.

दोन, शेजारी पडलेली लपलेली फाइल. साध्या नेटवर्क फोल्डरमध्ये किंवा सिंक फोल्डरमध्ये वर्ड ‘~$’ने सुरू होणारी छोटीशी फाइल करून ठेवतं, त्यात उघडणाऱ्याचं नाव असतं. लिब्रेऑफिसची ‘.~लॉक’ने सुरू होते आणि ‘#’ने संपते. ऑटोकॅड दोन फाइली करतं, ‘डीडब्ल्यूएल’ आणि ‘डीडब्ल्यूएल२’. काम संपलं की त्या पुसल्या जातात. प्रोग्राम मध्येच मेला तर त्या मागे राहतात आणि भुतासारखं कुलूप दाखवत बसतात. फाइल खरंच कोणाकडे उघडी नाही, हे फोन करून पक्कं झालं की ही छोटी फाइल पुसायला हरकत नाही. पण आधी फोन.

तीन, ‘चेक आउट’. हे माणसाने जाणूनबुजून लावलेलं कुलूप आहे आणि ते आपोआप कधीच सुटत नाही, महिना गेला तरी. रजिस्टरमधून कागद सही करून घेतला आणि परत ठेवलाच नाही, तसं. चेक आउट असेपर्यंत बाकीच्यांना जुनीच आवृत्ती दिसते. कितीही वेळा सेव्ह केलं तरी ‘चेक इन’ केल्याशिवाय बदल कोणापर्यंत पोचत नाहीत. चेक इन करताना एक ओळीची टीप लिहायची सोय असते. ‘तिसऱ्या पानावरचा जीएसटी दर सुधारला’ एवढं लिहिलं तरी सहा महिन्यांनी इतिहास बघणारा आशीर्वाद देईल. ‘अपडेट’ असं लिहिणं म्हणजे न लिहिण्यासारखंच. माणूस कायमचा सोडून गेला असेल तर लायब्ररीचा ॲडमिन त्याचं ‘चेक आउट’ रद्द करू शकतो. पण ‘डिस्कार्ड’ केलं की त्याने चेक आउटनंतर केलेले सगळे बदल जातात. शक्य असेल तर त्याच्याकडूनच चेक इन करून घ्या.

याचा एक फसवा अवतार आहे. लायब्ररीत ‘चेक आउट सक्तीचं’ असं सेटिंग असेल आणि कोणी नवीन फाइल चढवून चेक इन करायचं विसरलं, तर ती फाइल फक्त त्यालाच दिसते. तो म्हणतो चढवली, बाकीचे म्हणतात नाहीच. साइटच्या मालकाने लायब्ररी सेटिंग्जमध्ये ‘मॅनेज फाइल्स विच हॅव नो चेक्ड इन व्हर्जन’ हा दुवा उघडावा, तिथे अशा अनाथ फाइली दिसतात आणि ताब्यात घेता येतात. खरं सांगायचं तर वर्ड-एक्सेलच्या रोजच्या कामासाठी हे सक्तीचं सेटिंग बंदच ठेवलेलं बरं. ते चालू असलं की अनेकांनी एकाच वेळी एका फाइलवर काम करण्याची सोय बंद पडते. करार, मंजूर नकाशे, सही व्हायच्या ठरावांचे मसुदे, जिथे एका वेळी एकाच हाताने बदल व्हायला हवा, तिथे ते ठेवावं. एकत्र काम करण्यासाठी फाइलही नव्या प्रकारची, म्हणजे साधारणपणे नावाच्या शेवटी ‘एक्स’ असलेली हवी. २००३ च्या जमान्यातली ‘डॉक’ किंवा ‘एक्सएलएस’ चालत नाही. पासवर्डने बंद केलेली एक्सेलही नाही.

सरकारी ई-ऑफिसमध्ये ‘फाइल’ या शब्दाचाच अर्थ वेगळा, हे इथे सांगायला हवं, कारण दोन्ही वापरणाऱ्यांचा गोंधळ होतो. तिथे फाइल म्हणजे नस्ती. उघडली की डावीकडे टिपणी, उजवीकडे पत्रव्यवहार. पिवळी टिपणी कच्ची, बदलता येते. ती पक्की करून हिरवी झाली की खोडता येत नाही. कुलूप वेगळं लावावं लागत नाही. नस्ती ज्याच्या टेबलावर, लिहिणार तोच.

नावांकडे लोक फार कमी लक्ष देतात आणि मराठी नावांनी तर खास अडचणी येतात. शेअरपॉइंट आणि वनड्राइव्हमध्ये पूर्ण पत्ता, फोल्डरांसकट, ४०० अक्षरांच्या आत हवा. विंडोजच्या जुन्या नियमाने २६०. एक्सेल त्याहून कडक, २१८. त्यामुळे सहा फोल्डर खोल ठेवलेली शीट ब्राउझरमध्ये उघडते आणि एक्सेलमध्ये उघडत नाही. सिंक करताना तर पत्त्याच्या सुरुवातीला तुमच्या संगणकाचं वापरकर्ता-नाव आणि संस्थेचं नावही जोडलं जातं, म्हणून एकाच्या संगणकावर उघडणारी फाइल दुसऱ्याच्या संगणकावर अडते. शिवाय नावात तारीख लिहिताना तिरकी रेघ चालत नाही. अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारा हेही नाही. १५/०३ ऐवजी १५-०३ लिहा.

देवनागरी नाव चालतं, पण वेबच्या पत्त्यात ते फुगतं. देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइटचं, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्केचिन्हासह ३ अक्षरं घेतं, म्हणजे एका चिन्हाची ९ अक्षरं. ‘कार्यवृत्त’ या शब्दात काना, हलन्त, ऋकार धरून १० चिन्हं आहेत, त्याची झाली ९०. व्हॉट्सॲपवर दुवा चिकटवल्यावर जी टक्केचिन्हांची लांबच लांब माळ दिसते ती हीच. शेअरपॉइंट मर्यादा मोजताना मूळ अक्षरंच मोजतं, पण पत्ता जसाच्या तसा मोजणारी जुनी सॉफ्टवेअरं इथे गळपटतात. फोल्डरांची नावं छोटी ठेवा, फाइलचं नाव मराठीत खुशाल ठेवा.

आणखी बारीक गोष्ट, ‘ऱ्या’ची. ‘कऱ्हाड’, ‘सातबाऱ्याचे उतारे’ असं नाव दोन तऱ्हांनी टाइप होतं: काही कळफलक नुक्तावाला ‘ऱ’ देतात, काही साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. दिसायला अगदी एकसारखं, संगणकाच्या लेखी दोन वेगळी नावं. त्यात मॅकची जुनी डिस्क-पद्धत, एचएफएस प्लस, ‘ऱ’चे तुकडे करून ‘र’ आणि खालचा ठिपका असं साठवायची. त्यामुळे शोधात फाइल सापडत नाही, किंवा एकाच नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी दिसतात आणि कोणती उघडायची कळत नाही. संपूर्ण ऑफिसने एकच कळफलक वापरणं हा यावरचा साधा उपाय.

फाँटचा प्रश्न तर मराठी ऑफिसांचा जुनाच. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव, डीव्हीबी सुरेख अशा जुन्या फाँटांत केलेल्या फाइलीत प्रत्यक्षात देवनागरी अक्षरं नसतातच. इंग्रजी अक्षरांना देवनागरीचा मुखवटा घातलेला असतो. ज्या संगणकावर तो फाँट आहे तिथल्या वर्डमध्ये सगळं नीट दिसतं. ब्राउझरमध्ये उघडलं की चित्र सर्व्हरवर तयार होतं, तिथे तो फाँट नसतो, आणि पानभर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. लोकांना वाटतं फाइल बिघडली. बिघडलेली नाही. ‘ओपन इन ॲप’ करून फाँट असलेल्या संगणकावर उघडा. पण ‘ठराव’ असं लिहून शोधल्यावर ती फाइल कधीच सापडणार नाही, कारण तिच्यात ‘ठराव’ हा शब्द नाही. म्हणून जुन्या फाइली लायब्ररीत चढवण्याआधी युनिकोडमध्ये, म्हणजे खऱ्या देवनागरी अक्षरांत, बदला. सगळ्या जमणार नसतील तर निदान फाइलचं नाव आणि विषयाचा रकाना युनिकोड मराठीत भरा. शोध तेवढ्यावर तरी लागेल.

काही फाइली एकट्या उघडतच नाहीत. ऑटोकॅडच्या नकाशाला दुसरे नकाशे संदर्भ म्हणून जोडलेले असतात, एक्सेलमध्ये दुसऱ्या शीटमधले आकडे ओढलेले असतात. ब्राउझरमधून फक्त मुख्य नकाशा डाउनलोड केला की जोडलेले नकाशे मागे राहतात आणि पडद्यावर त्यांच्या जागी नुसते पत्ते दिसतात. असे संच सिंक फोल्डरमधून, अख्खं फोल्डर उतरवूनच उघडावेत, आणि ऑटोकॅडमध्ये जोडणी करतानाच पत्ता ‘रिलेटिव्ह’ ठेवावा. जोडणीत एखाद्याच्या सी ड्राइव्हचा पत्ता राहून गेला तर ती फाइल फक्त त्याच्याच संगणकावर पूर्ण उघडते.

क्लिक केल्यावर मुळात कोणती वाट धरायची हे ॲडमिनला लायब्ररीपुरतं ठरवता येतं. शेअरपॉइंटमध्ये लायब्ररी सेटिंग्ज, ‘ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज’, त्यात ‘ओपनिंग डॉक्युमेंट्स इन द ब्राउझर’. तीन पर्याय: ॲपमध्ये, ब्राउझरमध्ये, किंवा सर्व्हरच्या मूळ सेटिंगप्रमाणे. मॅक्रो आणि जुने फाँट असलेल्या लायब्ररीला पहिला द्या, परिपत्रकांसारख्या फक्त वाचायच्या लायब्ररीला दुसरा. तिथेच आवृत्त्या चालू आहेत का ते बघून घ्या. शेअरपॉइंट ऑनलाइनमध्ये मूळ सेटिंग ५०० आवृत्त्यांचं असतं आणि ते बंद करण्यासारखं कारण क्वचितच असतं.

इतकं करूनही कोणाचं दोन तासांचं काम हरवलंच, तर शोधाचा क्रम असा. त्या संगणकावर दुसरं काही करायच्या आत वर्ड उघडा, ‘फाइल’, ‘ओपन’, ‘रीसेंट’. यादीतल्या प्रत्येक नावाखाली पत्ता असतो, आणि बहुतेक हरवलेल्या फाइली इथेच, ‘डाउनलोड्स’च्या पत्त्यासह सापडतात. नाही सापडली तर फाइल एक्स्प्लोररमध्ये ‘डाउनलोड्स’ उघडून तारखेनुसार लावा. मग सर्व्हरवरच्या फाइलची ‘व्हर्जन हिस्ट्री’ बघा. काम तिथे पोचलं असेल आणि नंतर कोणीतरी जुनी प्रत वर टाकली असेल, तर मधली आवृत्ती ‘रिस्टोअर’ करता येते. वर्डच्या वरच्या पट्टीत ‘अपलोड पेंडिंग’ असं दिसत असेल तर काम अजून त्याच संगणकावर अडकलंय. नेट जोडा, फाइल उघडी ठेवा, तो शब्द जाऊन ‘सेव्हड’ येईपर्यंत संगणक बंद करू नका. शेवटी ‘फाइल’, ‘इन्फो’, ‘मॅनेज डॉक्युमेंट’, ‘रिकव्हर अनसेव्हड डॉक्युमेंट्स’. आणि फाइल मेलमधून उघडली होती असं आठवलं, तर आउटलुक अजिबात बंद न करता आधी त्याचं तात्पुरतं फोल्डर तपासा.